बगळ्यांची मावशी

शनिवारी फ्लोरामावशीला फोन करायचा नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं. सांगणारा आमच्या ऑफिसातला एक लाल दाढीवाला होता. तो म्हणाला, "लायब्ररीतली फ्लो शनिवारी फोन उचलत नाही. एकतर ती घरी पुस्तक वाचत असते, नाहीतर स्टेडियमवर ओरडत असते."

ओंटारिओतल्या एका लहानशा गावच्या विद्यापीठात मी परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासायच्या कामावर लागले होते. फ्लो म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे निळ्या डोळ्यांची एक गोरी आजी उभी राहिली. लायब्ररीचं कार्ड काढायला गेले, तर काउंटरमागे अंबाडा घातलेली, सावळी, ठेंगणी बाई. गळ्यात निळापिवळा मफलर, दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या. तिने माझा फॉर्म वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, "वैजयंती! नाशिकची काय गो तू?"

माझ्या हातातलं पेनच पडलं.

"मी थळची. अलिबागजवळचं थळ. आम्ही बेने इस्राएल. म्हणजे ज्यू. तोंड मिट आता. मराठी तुझ्याहून बरी बोलते मी."

ते मात्र खरं होतं. माझी मराठी दोन वर्षांत 'शोव्हल करून आले' आणि 'अप्लाय केलंय' अशी झाली होती. मावशी चाळीस वर्षं कॅनडात राहूनही 'फावडं' म्हणायची.

मावशीचा शनिवार म्हणजे शब्बाथ. शुक्रवारी सूर्य बुडाला की शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत चूल नाही, पैशाला हात नाही, वाहन नाही, फोन नाही, टीव्ही नाही. पुस्तकी नियम याहून पुष्कळ आहेत म्हणे. पण मावशी पाळायची तो तिच्या आजीने घालून दिलेला शब्बाथ. तिच्या घराण्याचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणात या लोकांना शनवार तेली म्हणत. "आमच्याकडे शनवारी बैलालाही सुट्टी असायची," मावशी सांगायची. "आपण बसायचं आणि दुसऱ्याला राबवायचं, हा कसला विसावा? आजी म्हणायची, शनवारी आपल्यापायी कोणाच्या कपाळावर घाम येता कामा नये."

आता अशा बाईचा आणि फुटबॉलचा काय संबंध, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. तर मावशीचं उत्तर तयार होतं. नवरा गेला, मुलगी डायना शिकायला ओटावाला गेली, आणि शनिवारची दुपार अंगावर यायला लागली. "स्वैपाक करायचा नाही, टीव्ही लावायचा नाही, कोणाला फोन करायचा नाही. मग माणसाने करायचं काय? वाचून वाचून डोळे दुखले. एकदा खिडकीतून आरडाओरडा ऐकू आला, गेले चालत. बघितलं तर माणसं नुसती बसून ओरडत होती. ओरडू नये असं आजीने कुठेच सांगितलं नव्हतं."

त्या दिवसापासून एकोणीस वर्षं तिने घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नाही. घरापासून स्टेडियम पंचेचाळीस मिनिटांच्या वाटेवर. ऊन असो, बर्फ असो, ती चालत यायची आणि चालत जायची. मी एकदा गाडी तिच्याशेजारी थांबवली आणि काच खाली केली. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला चोरीचा माल विकत होते.

खेळाबद्दल मी फार सांगू शकत नाही. क्रिकेटच्या घरात वाढलेली मी. इथला फुटबॉल पायाने कमी आणि खांद्याने जास्त खेळतात. लांबोडका चेंडू घेऊन दहा यार्ड पुढे सरकायचं, त्यासाठी तीन संधी, आणि समोर कपाटाएवढी माणसं आडवी पडायला टपलेली. आमच्या टीमचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. हे नाव ज्याने ठेवलं त्याने बगळ्याला पळताना पाहिलं नसावं. आमची टीम मात्र हुबेहूब तशीच पळायची.

पण सामन्याचा दिवस आमच्या गावात दिवाळीसारखाच. सकाळी पार्किंग लॉटमध्ये तवे लागायचे, पॅनकेक आणि मेपल सिरपचा वास सुटायचा. पोरंपोरी अर्धं तोंड निळं, अर्धं पिवळं रंगवून हिंडायची. दुपारी बँड हॉस्टेलपासून वाजतगाजत निघायचा, मागे सगळी टीम, आणि वरात स्टेडियमच्या दारात जाऊन थांबायची. मावशी त्याच्याआधी अर्धा तास आपल्या जागेवर हजर. चौदावी रांग, पायऱ्यांच्या कडेला.

तिथल्या लोकांची एक पद्धत होती. समोरच्या टीमची तिसरी, म्हणजे शेवटची संधी आली की सगळं स्टेडियम खिशातून किल्ल्या काढून खुळखुळवायचं. मावशी शनिवारी किल्ल्या जवळ ठेवत नसे; घराची किल्ली शेजारणीकडे. मग तिने पहिल्याच वर्षी दोन्ही हात वर करून बांगड्या वाजवल्या. रांगेतल्या पोरी आधी हसल्या, मग चमकल्या, आणि पुढच्या सामन्याला "आम्हाला पण पाहिजेत" म्हणून मागे लागल्या. मावशीने टोरोंटोहून पेटीभर हिरव्या बांगड्या आणवल्या. मी गेले तेव्हा चौदाव्या रांगेपासून विसाव्या रांगेपर्यंत सगळ्या हातांत चुडे होते. पोरीच नाहीत, पोरंही. आपल्याकडे भित्र्या माणसाला बांगड्या भर म्हणतात. इथे समोरची टीम बांगड्यांना घाबरायची. त्यांचा कॅप्टन एकदा कानांवर हात ठेवून पंचाकडे तक्रार करायला गेला होता, हे मी स्वतः पाहिलंय.

पंचांशी मावशीचं जन्माचं वैर. निर्णय विरुद्ध गेला की ती उभी राहायची आणि खणखणीत आवाजात ओरडायची, "मेल्या! डोळ्यांत खोबरं घातलंयस काय?" सगळं वाक्य पोरांना जमत नसे, पण पहिला शब्द जमला. नागपूरची एक विद्यार्थिनी नवीन आली होती. घरची आठवण येऊन सारखी रडायची, म्हणून मी तिला सामन्याला नेलं. पहिल्या दहा मिनिटांत निळी तोंडं केलेल्या दोनशे कॅनेडियन पोरांनी एका सुरात "मेऽऽल्या!" असा गजर केला. ती पोरगी आधी पांढरीफटक पडली आणि मग पोट धरून हसत सुटली. नंतर ती पदवी घेईपर्यंत एकही सामना चुकली नाही.

मावशीचा सगळ्यात आवडता नियम मला तिनेच समजावला. गोल करायला लाथाडलेला चेंडू खांबांच्या बाहेरून गेला, तर जगात इतरत्र शून्य. पण कॅनडात तो चेंडू मागच्या रेषेपार गेला आणि समोरच्यांना बाहेर आणता आला नाही, तर एक गुण मिळतो. बाकी लोक या नियमाची टिंगल करत. मावशीला त्यात देवाचा हात दिसायचा. "नेम चुकला तरी एक! वैजू, जोर लावलास ना, मग घे एक. असा देश सोडून मी कुठे जाऊ?" पुढे माझा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज एका चुकीच्या फोटोपायी परत आला, तेव्हा मी लायब्ररीत जाऊन तिच्यासमोर रडले. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाली, "रेषेपार गेला ना चेंडू? एक मिळाला. आता नवा फोटो काढ." मला राग आला होता, पण फोटो त्याच संध्याकाळी काढला.

एका वर्षी विद्यापीठाने कागदी तिकिटं बंद केली. तिकीट फोनवर, दारात फोन दाखवायचा. मावशी पहिल्या सामन्याला फोनशिवाय आली. दारावरची मुलगी नवी होती, म्हणाली, "सॉरी मॅम, नो फोन, नो एन्ट्री." मावशी भांडली नाही. बाजूला झाली आणि कुंपणाला टेकून उभी राहिली. "तू तुझं काम कर. मी माझ्या पायांवर उभी आहे." दहा मिनिटांनी चौदाव्या रांगेतलं कोणीतरी तिला शोधत बाहेर आलं. मग दुसरं आलं. सामना सुरू झाला तेव्हा आमचा अख्खा बांगडीवाला जथा दाराबाहेर, आणि आत रिकामी बाकडी. समोरच्यांची तिसरी संधी आली, तेव्हा बाहेरूनच बांगड्या वाजल्या. शेवटी कुणीतरी मोठे साहेब धावत आले. त्यांनी मावशीचं नाव एका पुठ्ठ्यावर लिहिलं, खाली सही केली आणि दोरीने तिच्या गळ्यात बांधलं. तो पुठ्ठा तिने पुढे प्रत्येक सामन्याला घातला. ज्यूंच्या नवीन वर्षाला, सप्टेंबरात, ती नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा करायची. एक ताट त्या दारावरच्या मुलीकडे आठवणीने जायचं.

टीमची पोरं त्या हलव्याची गुलाम होती. म्हणून सामन्याच्या आदल्या शुक्रवारीही मावशी तो करायची आणि दुपारी बसने जाऊन ताटं स्टेडियमच्या फ्रिजमध्ये ठेवून यायची. त्यात मार्कस हा पहिल्या नंबरचा खादाड. पहिल्या फळीत उभा राहून समोरच्याला मागे रेटणं एवढंच त्याचं काम. वजन एकशे तीस किलो. त्याच्या मनगटात मावशीची बांगडी शिरेना, म्हणून त्याने ती बुटाच्या नाडीत ओवली होती.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मावशी स्वयंपाकघरात पडली. बर्फावरून एकोणीस वर्षं चाललेली बाई कोरड्या फरशीवर पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, नवा खुबा बसला. डायना ओटावाहून धावत आली, आणि आता आईला एकटं ठेवायचं नाही असं तिने ठरवून टाकलं. ओटावाच्या कडेला कनाटात तिचं मोठं घर, खाली बेसमेंटमध्ये आईसाठी खोली. मावशी फार वाद घालत बसली नाही. तिने एवढंच म्हटलं, "नोव्हेंबरातला शेवटचा सामना बघते, मग ने मला कुठे न्यायचंय तिकडे."

तो सामना नदीपलीकडच्या विद्यापीठाशी होता. आमचे बगळे त्यांच्याशी नेहमी हरत आले होते. पण अडचण ती नव्हतीच. अडचण होती ती पंचेचाळीस मिनिटांच्या वाटेची. फिजिओथेरपिस्टने मावशीला वॉकर धरून पन्नास पावलांची परवानगी दिली होती.

"आई, मी गाडीने सोडते," डायना म्हणाली. ती स्वतः शब्बाथ पाळत नाही. "इट्स फाइव्ह मिनिट्स! देव समजून घेईल."

"देव घेईल गो समजून. मी नाही घेणार."

"मग हॉस्पिटलने दिलेली ही व्हीलचेअर?" मी म्हटलं. "ती काही गाडी नाही. खुर्ची आहे."

"खुर्चीचं काही नाही. ढकलणार कोण?"

"मी."

"तू आठवडाभर राबतेस. आणि शनवारी म्हातारीला ढकलत तीन किलोमीटर नेणार? आजीने काय सांगितलंय?"

घाम. डायनाने दार आपटलं आणि ती ग्रोसरी आणायला निघून गेली. मावशी खिडकीबाहेर बघत राहिली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा हरलेली पाहिली, आणि मला ते अजिबात सहन झालं नाही. नियम तिचेच, हट्टही तिचाच, मी कोण त्यात पडणारी? तरी मी तडक स्टेडियम गाठलं आणि सराव संपवून घामाघूम बसलेल्या मार्कसला सगळं सांगितलं. तो घाण्याच्या बैलाची गोष्ट नीट ऐकत होता. शेवटी त्याने एकच विचारलं, "पण बैलाला चालायला आवडत असेल तर?"

शुक्रवारी मी मावशीच्या देखरेखीखाली हलवा केला. ती खुर्चीत बसून "ढवळ, ढवळ, मेले हात काय दुखतात?" म्हणत होती. सूर्य बुडायच्या आत जेमतेम झाला. तो इतका चिकट झाला की चमचा उभा राहिला. मावशीने चाखला आणि म्हणाली, "भिंतीला भेग पडली तर उपयोगी आहे." घरी जाताना ताटं मी स्टेडियमच्या फ्रिजमध्ये ठेवली.

शनिवारी दुपारी आम्ही तिघी घरात बसलो होतो. सामान ओटावाला पुढे गेलं होतं, भिंती रिकाम्या होत्या. मावशीने मफलर घातला होता, गळ्यात पुठ्ठाही होता. कुठे जायचं नव्हतं, तरी घातला होता. साडेबाराला ढोल ऐकू आले. मी म्हटलं, बँड निघाला. पण आवाज स्टेडियमकडे जाण्याऐवजी जवळ यायला लागला. डायनाने पडदा सारला आणि म्हणाली, "ओ माय गॉड, आई!"

आमच्या गल्लीत अख्खी वरात आली होती. पुढे बँड, मागे टीम, त्यामागे बांगड्यांचा जथा. मार्कस शिरस्त्राण काखेत मारून पायऱ्या चढून आला. त्याच्यामागे कोच. मार्कस तिला म्हणाला ते इंग्रजीत, पण अर्थ हा: "आंटी, सामन्याआधी मला अर्धा तास लोखंडी घसरगाडी ढकलावी लागते. आमचा वॉर्म-अप आहे तो. आज ती घसरगाडी जिममध्ये कुलपात अडकली. मला काहीतरी ढकलायलाच हवंय."

मावशीने डोळे बारीक केले. "मी नसते तरी ढकललं असतंस?"

"रोज ढकलतो."

"खोटं बोलतोयस."

"कोचला विचारा."

कोच हा पन्नाशीचा, कधी न हसणारा माणूस. त्याने टोपी काढली. "मॅम, नाही ढकललं तर मी त्याला खेळवणार नाही."

मावशीने उघड्या दारातून पाहिलं. बाहेर ऐंशी माणसं थंडीत पाय आपटत थांबली होती. "शेवटचं विचारते," ती म्हणाली. "तुला हे आवडतं, की करावं लागतं म्हणून करतोस?"

मार्कस म्हणाला, "आंटी, माझ्या आठवड्यातली ही सगळ्यात छान गोष्ट आहे."

"मग ते काम नव्हे," मावशी म्हणाली. "चल. पण माझी एक अट. चढ आला की मी उतरणार. सपाटीवर खेळ असतो, चढावर हमाली."

अशी ती वरात निघाली. मार्कस खुर्ची ढकलतोय, मावशी मधोमध, पुढे ट्रम्पेट. लोक घरांतून बाहेर येऊन हात हलवत होते. नदीवरच्या पुलाला छोटासा चढ आहे, वीस-पंचवीस पावलांचा. गाडीतून जाताना तो कळतही नाही. तिथे मावशीने हात वर केला. सगळं थांबलं. डायनाने वॉकर पुढे ठेवला. मावशी उठली आणि चालायला लागली. एक पाऊल, मग दुसरं. मोठ्या ढोलवाल्या पोरीने न सांगता प्रत्येक पावलाला एक ठोका द्यायला सुरुवात केली. धम्म. थांबायचं. धम्म. मागे अख्खी टीम त्याच चालीने एकेक पाऊल टाकत येत होती. मी रडत होते आणि हसतही होते, आणि नाक पुसायला माझ्याकडे हातमोज्याशिवाय काही नव्हतं. माथ्यावर पोचल्यावर मावशीने मागे वळून पाहिलं आणि मार्कसच्या कपाळावरून बोट फिरवलं. कोरडं होतं. ती समाधानाने खुर्चीत बसली. उरलेली पावलं तिने चौदाव्या रांगेच्या पायऱ्यांसाठी राखून ठेवली.

सामना आम्ही हरलो. सहा गुणांनी. मावशी शेवटपर्यंत पंचाला मेल्या म्हणत होती, आणि शेवटची शिट्टी झाल्यावर म्हणाली, "हरले तर हरले. पोरांना भुका लागल्या असतील, तो हलवा काढ." तो चिकट हलवा मार्कसने दोन ताटं खाल्ला आणि फार सुंदर झालाय म्हणाला. खोटं बोलणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

डायनाला लगेच ओटावाला निघायचं होतं, लांबचा पल्ला. पण मावशी गाडीत बसणार ती तीन तारे दिसल्यावर. ते दिसल्याशिवाय शब्बाथ सुटत नाही. तेव्हा कोणीतरी जाऊन मैदानावरचे मोठे दिवे बंद करायला सांगितलं. दिवे गेले, स्टेडियम काळोखलं. आम्ही सगळे चौदाव्या रांगेत आणि आजूबाजूला ब्लँकेटं पांघरून बसलो, कोच, मार्कस, ढोलवाली पोरगी, आणि मान वर करून बघत राहिलो.

"वन!" मार्कस ओरडला.

"ते विमान आहे, मेल्या. चालतंय बघ."

थोड्या वेळाने पहिला तारा निघाला. मग दुसरा, नदीच्या बाजूला. थंडीने आकाश अगदी स्वच्छ झालं होतं. खाली दारात डायनाने हीटर लावून गाडी सुरू ठेवली होती. तिसरा निघाला. मी मावशीकडे पाहिलं. ती वर बघत होती. मग चौथा निघाला, पाचवा निघाला, आणि बघता बघता सगळं आभाळ चांदण्यांनी भरून गेलं.

मावशीने मफलर गळ्याभोवती आवळून घेतला.

"दोनच दिसतायत गो अजून," ती म्हणाली.

"हो मावशी," मी म्हटलं. "दोनच."

मी कोचला दोन बोटं दाखवली. त्याने वर पाहिलं, टोपी नीट केली आणि तोही दोनच म्हणाला. खाली डायनाने गाडी बंद केली, पायऱ्या चढून वर आली, आणि आईच्या ब्लँकेटचं एक टोक आपल्या अंगावर ओढून आमच्याबरोबर तारे मोजायला बसली.